घरी गाडी बनवताय? आधी ड्राइव्हट्रेन समजून घ्या

ड्राइव्हट्रेन म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवणारे भाग: क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, कारण ती गाडी नियमांत बसत नव्हती.

भंगारातला गिअरबॉक्स तसाच बसवू नका. तो खोलून धुवा. गिअरचे दात तुटलेले असतील तर गिअर बदला. बेअरिंग हाताने फिरवा. खरखर लागली तर नवीन टाका. ऑइल सील आणि गॅस्केट मात्र नवीनच हवेत. सीव्ही जॉइंटचं रबरी कव्हर फाटलं की ग्रीस बाहेर, धूळ आत. मग वळताना कटकट आवाज येतो.

आणि लक्षात ठेवा: नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही.