स्कायरूट एरोस्पेस

स्कायरूट एरोस्पेस ही लहान उपग्रहांसाठी प्रक्षेपक अग्निबाण बनवणारी भारतीय खाजगी कंपनी आहे. इस्रोतील माजी अभियंते पवन कुमार चंदना व नागा भरत डाका यांनी इ.स. २०१८ मध्ये हैदराबाद येथे तिची स्थापना केली. नागपूरची सोलर इंडस्ट्रीज ही तिच्या आरंभीच्या गुंतवणूकदारांपैकी एक होय.

नागपूरशी संबंध

सोलर इंडस्ट्रीज ही औद्योगिक स्फोटके बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. घन इंधनाची मोटार एकदा पेटली की विझवता येत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी ती जमिनीवर जखडून पेटवून पाहावी लागते. अशा चाचणीची सोय सोलरकडे नागपुरात होती. तेथे डिसेंबर २०२० मध्ये ‘कलाम-५’ आणि मे २०२२ मध्ये ‘कलाम-१००’ या मोटारींच्या चाचण्या यशस्वी झाल्या.

गुंतवणूक

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने अवकाशक्षेत्र खाजगी उद्योगांना खुले करण्याचा निर्णय घेतला. मे २०२१ मध्ये कंपनीने १.१ कोटी डॉलर उभे केले. त्यात सोलरचा सहभाग होता. सप्टेंबर २०२२ मध्ये सिंगापूरच्या जीआयसीच्या पुढाकाराने ५.१ कोटी, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये टेमासेकच्या पुढाकाराने २.७५ कोटी डॉलर मिळाले. या फेऱ्यांच्या काळात कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नव्हती. त्यामुळे सर्वसामान्य गुंतवणूकदारास तिचे समभाग बाजारातून थेट घेता येत नव्हते. सोलरच्या भागधारकांचा संबंधही अप्रत्यक्षच होता, कारण सोलरचा मुख्य व्यवसाय स्फोटकांचा आहे.

उड्डाण व प्रगतीचे मोजमाप

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘विक्रम-एस’चे उड्डाण झाले. भारतातील खाजगी कंपनीने बनवलेल्या अग्निबाणाचे हे पहिले उड्डाण होते. तो ८९.५ किलोमीटर उंची गाठून समुद्रात पडला. हे उड्डाण उपकक्षीय होते, म्हणजे त्याने कोणताही उपग्रह कक्षेत ठेवला नाही. कक्षेत राहण्यासाठी उपग्रहाला सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेग द्यावा लागतो. ते काम बहुटप्पी ‘विक्रम-१’साठी योजलेले आहे.

प्रक्षेपण कंपनीचे उत्पन्न मुख्यतः उपग्रह कक्षेत पोहोचवण्यातून येते. त्याआधीची बरीच वर्षे केवळ खर्चाची असतात. त्या काळात मोटारींच्या चाचण्या, उड्डाणाची परवानगी आणि उपकक्षीय उड्डाण हेच गुंतवणूकदारांसाठी प्रगतीचे टप्पे ठरतात. मात्र एका टप्प्याचे यश पुढील टप्प्याची हमी देत नाही.