शनिदरच्या गुहेतला एकहाती माणूस

इतिहास म्हटला की आपल्यासमोर राजे, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. इराकी कुर्दिस्तानातील शनिदर गुहा त्याहून फार जुनी हकिकत सांगते. कुर्द मेंढपाळ हिवाळ्यात शेळ्यामेंढ्या घेऊन जिथे राहत, तिथेच १९५१ ते १९६० या काळात राल्फ सोलेकी यांनी स्थानिक मजुरांच्या मदतीने उत्खनन केले. राख, जनावरांची हाडे, दगडाच्या तासण्या, टोकदार पाती आणि किमान ४५,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथल माणसांचे सांगाडे मिळाले.

१९५७ मध्ये सापडलेल्या एकाचा उजवा हात अर्धाच होता. डाव्या डोळ्याजवळ जबर मार बसून हाड पुन्हा भरून आले होते. तरी तो चाळिशीच्या आसपास जगला. दगडातून पाते काढायला दोन हात लागतात. मग त्याला हत्यार कुणी दिले, शिकारीतला वाटा कुणी दिला? सोबत्यांनीच दिला असणार.

दुसऱ्या एका सांगाड्याजवळ फुलांचे पराग मिळाले, तेव्हा मृताला फुले वाहिली असे मानले गेले. ते पराग मधमाश्यांनी आणले असावेत, असे आता अनेक संशोधक म्हणतात. फुलांचा पुरावा डळमळला; भरून आलेल्या जखमांचा मात्र टिकून आहे. दुबळ्याला ओझे समजणारे आपण या गुहावासीयांना रानटी कसे म्हणावे?