पाझरणारी नळी : मडक्यापासून रबरापर्यंत

सोकर होज या नावाने मिळणाऱ्या पाझरणाऱ्या नळीला तोट्या नसतात, फवारेही नसतात. तिच्या सर्वांगातून पाणी घामासारखे सुटते आणि मुळांजवळच्या मातीत मुरते. नळी विसाव्या शतकातली असली, तरी तिच्यामागची युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात चीनमध्ये फान शेंगझी याने लिहिलेल्या शेतीग्रंथात ती आढळते : मातीचे भांडे तोंड जमिनीच्या पातळीला येईल असे पुरायचे, पाण्याने भरायचे आणि भोवती वेलाच्या चार बिया लावायच्या. माती कोरडी पडली की ती भांड्यातून पाणी ओढते. ओल पुरेशी झाली की ओढ मंदावते. झाडाची गरज मातीच ठरवते, आणि पुढच्या कोणत्याही साधनाला हे इतक्या सहजतेने साधलेले नाही. महाराष्ट्रातही फळझाडांची रोपे उन्हाळ्यात जगवण्यासाठी बुडाच्या छिद्रात वात घातलेले मडके आळ्यात ठेवतात.

मडके पुन्हा पुन्हा भरावे लागते, हीच त्याची अडचण. १८६०च्या सुमारास जर्मनीत भाजक्या मातीचे नळ पुरून जमिनीखालून पाणी देण्याचे प्रयोग झाले. १९२०च्या सुमारास तिथेच छिद्रांचे नळ आले. आजच्या नळीची खरी पूर्वज मात्र मिशिगनमधली. १९३४मध्ये ओ. ई. रोबी यांनी तिथल्या शेतकी महाविद्यालयात कॅनव्हासच्या पाझरत्या नळीचे प्रयोग केले. कल्पना नेमकी होती, पण ओल्या मातीत कापड कुजतेच. टिकाऊ नळीला प्लास्टिकच्या युगाची वाट पाहावी लागली.

प्लास्टिक आले तेव्हा वाट दुभंगली. एक वाट ठिबक सिंचनाची. इस्राएलमध्ये सिम्हा ब्लास यांनी सूक्ष्म छिद्राऐवजी लांब, नागमोडी मार्गातून पाण्याचा जोर मोडला, म्हणून तोटी सहज तुंबेना. १९६५मध्ये हात्झेरिम किबुत्झने, म्हणजे तिथल्या सामूहिक वसाहतीने, या तोटीवर नेटाफिम ही कंपनी उभी केली. ऐंशीच्या दशकात जळगावच्या भवरलाल जैन यांनी ठिबक महाराष्ट्राच्या शेतांत रुजवले.

दुसरी वाट घरच्या बागेकडे गेली. जुन्या टायरांच्या रबराचा चुरा पॉलिएथिलीनमध्ये मिसळून सच्छिद्र नळी तयार होऊ लागली. ती कमी दाबावरच नीट पाझरते. दाब वाढला तर पाणी चिळकांड्यांनी उडते. उतारावर खालच्या टोकाला पाणी जास्त सुटते आणि लांब नळीत शेवटच्या झाडांना कमी पोचते. मोठ्या शेतात म्हणूनच ठिबक सरस ठरले. सपाट वाफ्यात मात्र रोपांच्या ओळीलगत वळवून, वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालून ही नळी उत्तम काम देते. पाणी क्षारयुक्त असेल, तर तिची छिद्रे हळूहळू बुजत जातात.