सीमाक्षेत्र विकासनिधी आणि देवगड किनारा

सीमाक्षेत्र विकासनिधी : आंतरराष्ट्रीय सीमेलगतच्या वस्त्यांतील रस्ते, शाळा, आरोग्यकेंद्रे, पाणीपुरवठा यांसाठी शासन देत असलेले विशेष साहाय्य. भारतात सातव्या पंचवार्षिक योजनेत, 1986-87 मध्ये, सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला; प्रारंभी तो पश्चिम सीमेपुरता होता. 2023 मध्ये केंद्राने उत्तर सीमेवरील गावांसाठी 4,800 कोटी रुपयांची ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजना मंजूर केली. सीमेवरचे गाव ओस पडले तर सीमाही दुबळी होते, हे या खर्चामागचे तत्त्व. तथापि सीमा क्षेत्र विकास कार्यक्रमाचा निकष भूसीमेचा असल्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडसारखा सागरी तालुका त्याबाहेर राहतो. वस्तुतः धोका समुद्राकडूनही येतो : 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रमार्गे आले. तेव्हापासून किनाऱ्यावरील मच्छीमारांकडे सुरक्षेचे ‘डोळे आणि कान’ म्हणून पाहिले जाते. 2005-06 पासूनच्या सागरी सुरक्षा योजनेचा भर मात्र पोलीस ठाणी व गस्तीनौकांवर होता.

किनाऱ्याला सागरमाला (2015) आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना (2020) यांतून पैसा मिळतो, मग वेगळा निधी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु या योजना प्रामुख्याने बंदरे व मत्स्यव्यवसाय यांच्यासाठी आहेत. गावातला दवाखाना किंवा वाडीपर्यंतचा रस्ता हा त्यांचा मुख्य विषय नाही. निधी मर्यादित असल्याने हिमालयातील दुर्गम गावांना अग्रक्रम हवा, हेही मान्य करावे लागते. अग्रक्रम देणे म्हणजे इतरांना वगळणे नव्हे. राष्ट्ररक्षणाचा भार हाच निकष असेल, तर देवगडचा किनाराही सीमाक्षेत्रच ठरतो.