एमएच ३७० : विमान बेपत्ता, संशय हजर

८ मार्च २०१४, शनिवार. सकाळी टीव्हीवर बातमी सुरू झाली की क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे विमान बेपत्ता आहे. २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, एकूण २३९ माणसे. प्रवाशांत पाच भारतीय होते, त्यांतली काही नावे मराठी होती. हे ऐकून माझ्या मनात सर्वात आधी काय आले? त्या माणसांसाठी दुआ आली नाही. आले ते असे : ‘या अल्लाह, पायलट मुसलमान नसावा.’

विमान मलेशियाचे. तिथे पायलट मुसलमान असण्याचीच शक्यता जास्त. तो होताही. कॅप्टन झाहारी अहमद शाह, वय ५३, अठरा हजारांहून अधिक तासांचा अनुभव. सोबत सहवैमानिक फारिक अब्दुल हमीद, वय २७. त्या दिवशीच्या माझ्या पहिल्या विचाराची मला आजही लाज वाटते. पण तो विचार माझ्या एकट्याचा नव्हता, आणि तो कुठून आला हे समजून घ्यायचे तर त्या विमानाभोवती उठलेल्या तर्कवितर्कांचा इतिहास पाहावा लागतो.

आधी जे नक्की माहीत आहे ते. रात्री १२.४२ ला विमान उडाले. १.१९ ला कॉकपिटमधून शेवटचे ‘गुड नाइट’ ऐकू आले. दोनच मिनिटांत, व्हिएतनामच्या हद्दीजवळ, विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर बंद झाला. लष्करी रडारच्या नोंदींनुसार विमान मागे वळले, मलाय द्वीपकल्प ओलांडून अंदमान समुद्राकडे गेले आणि २.२२ ला तिथूनही दिसेनासे झाले. त्यानंतर सकाळी ८.१९ पर्यंत ते एका उपग्रहाच्या संपर्कात होते. पण त्या संकेतांवरून विमान उपग्रहापासून किती दूर आहे एवढेच कळत होते, नेमके कुठे आहे ते नाही. त्यामुळे नकाशावर दोन कमानी काढल्या गेल्या : एक उत्तरेला मध्य आशियाकडे, दुसरी दक्षिणेला हिंदी महासागरात. संकेतांचा आणखी अभ्यास झाल्यावर २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी जाहीर केले की विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपला.

या सोळा दिवसांत माहितीत ज्या मोकळ्या जागा होत्या, त्या जगाने आपापल्या मनातल्या गोष्टींनी भरल्या.

पहिला संशय दोन इराणी तरुणांवर गेला. ते चोरीच्या पासपोर्टवर प्रवास करत होते. ‘इराणी’ आणि ‘चोरीचा पासपोर्ट’ एवढे दोन शब्द पुरेसे होते. तीन दिवसांत इंटरपोलने सांगितले की हे दहशतवादी वाटत नाहीत, युरोपात आश्रय मागायला निघालेली मुले दिसतात. त्यांतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाची आई जर्मनीत त्याची वाट पाहत होती. मग संशय सरकला एका उइगूर चित्रकाराकडे. चिनी कलावंतांचे एक शिष्टमंडळ विमानात होते, त्यात तो होता. पुढे चीननेच सांगितले की आपल्या प्रवाशांच्या तपासणीत घातपाताचा काही पुरावा मिळाला नाही.

माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांनी दुसऱ्याच दिवशी ट्विट करून जिहादींकडे बोट दाखवले. पुढे विमान उत्तर पाकिस्तानात, बिन लादेनसारखे, लपवलेले असेल अशी शक्यताही त्यांनी मांडली. अमेरिकेचे माजी उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबॉट यांनी लिहिले की भारतातल्या एखाद्या शहरावर ११ सप्टेंबरसारखा हल्ला करण्याचा बेत असावा अशी शंका काहींना येते आहे. एका अमेरिकन वाहिनीवर तर विमान कृष्णविवरात गेले असेल का, यावरही चर्चा झाली.

आपल्याकडे काय चालले होते? आपल्या मोबाईलवर फिरत होते ते दिएगो गार्सियाचे कोडे : अमेरिकेने विमान आपल्या लष्करी तळावर उतरवून ठेवले आहे. अमेरिकी सरकारने याचा इन्कार केला, तर इन्कार हाच पुरावा ठरला. क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक नारळ घेऊन विमान शोधायला बसला होता. मलेशियातल्या धर्मखात्यानेच त्यावर टीका केली. त्या मांत्रिकाला आपण सगळे हसलो. पण दिएगो गार्सियाचा मेसेज पुढे पाठवणारे आपण आणि तो नारळवाला, दोघांकडे पुरावा सारखाच होता.

मग सगळे बोट कॅप्टनवर स्थिरावले. ब्रिटनच्या काही वृत्तपत्रांनी छापले की तो विरोधी पक्षनेते अन्वर इब्राहिम यांचा कट्टर समर्थक होता आणि उड्डाणाच्या आदल्याच दिवशी अन्वर यांच्याविरुद्ध न्यायालयाचा निकाल लागला होता. ज्या नेत्याचा समर्थक असणे हे संशयाचे कारण ठरले, तेच अन्वर इब्राहिम २०२२ मध्ये मलेशियाचे पंतप्रधान झाले.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कॅप्टनच्या घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या बिंदूंची माहिती सापडली होती. २०१८ च्या सरकारी अहवालातही विमान यंत्रांच्या बिघाडामुळे नव्हे, तर कुणी हाताने चालवून वळवले असावे असे म्हटले आहे. हे केवळ कॅप्टन मुसलमान होता म्हणून मी झाकून ठेवले, तर मी मर्डोकपेक्षा वेगळा कसा? पण त्याच अहवालाने कॅप्टनच्या वागण्यात काही गैर आढळले नाही असेही नोंदवले, तिसऱ्या कुणाचा हस्तक्षेप नाकारता येत नाही असेही म्हटले आणि शेवटी सांगितले की नेमके कारण ठरवता येत नाही. जवळपास पाचशे पानांच्या अहवालाला जे ठरवता आले नाही, ते चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत ठरत होते.

याआधीही हे झाले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला न्यूयॉर्कहून कैरोला निघालेले इजिप्तएअरचे विमान अटलांटिकमध्ये कोसळले, २१७ माणसे गेली. ध्वनिमुद्रणात सहवैमानिक ‘तवक्कल्तु अलल्लाह’ म्हणत असल्याचे ऐकू आले. ‘मी अल्लाहवर भरोसा ठेवला’ एवढाच त्याचा अर्थ. आपल्या घरांत दाराबाहेर पाऊल टाकताना हे शब्द ओठांवर असतात. पण सुरुवातीच्या बातम्यांत त्याच्या जोडीला ‘मी निर्णय घेतला आहे’ असे एक वाक्य छापून आले, जे ध्वनिमुद्रणात नव्हतेच. अमेरिकी तपासयंत्रणेने पुढे अपघाताचे कारण सहवैमानिकाच्या कृतीत शोधले, इजिप्तने यांत्रिक बिघाडाचे कारण दिले. तो वाद तज्ज्ञांचा आहे. माझी तक्रार त्या निष्कर्षाबद्दल नाही. माझी तक्रार आहे ती एका दुआला कबुलीजबाब बनवण्याबद्दल.

आणि २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्सच्या सहवैमानिकाने मुद्दाम विमान आल्प्सच्या डोंगरावर नेले, १५० माणसे मेली. तेव्हा चर्चा झाली मानसिक आजाराची, वैमानिकांच्या तपासणीची. तशीच व्हायला हवी होती. काही संकेतस्थळांनी मात्र तो गुपचूप मुसलमान झाला होता अशी आवई उठवलीच.

म्हणून माझी त्या सकाळची ती दुआ. ती भीतीतून आली होती. पण भीतीतून आली म्हणून ती बरोबर ठरत नाही. २३९ माणसांपेक्षा मला माझ्या समाजाचे नाव मोठे वाटले होते.

आपल्या दीनमध्ये याबद्दल स्पष्ट शिकवण आहे. सूरह हुजुरात सांगते की कुणी बातमी आणली तर आधी पारखून घ्या, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. तीच सूरह फार गुमान करण्यापासून, म्हणजे नुसत्या अंदाजावर मत बनवण्यापासून, रोखते, कारण काही गुमान गुनाह असतात. हजरत आयशांवर आळ घेतला गेला तेव्हा मदिनेत महिनाभर कुजबुज चालली होती. कुजबुजणाऱ्यांत काही चांगली माणसेही होती. सूरह नूरमध्ये त्यांना खडसावले गेले ते याच गोष्टीसाठी : ज्याची माहिती नाही ते तुम्ही तोंडाने बोलत राहिलात, आणि तुम्हाला ते किरकोळ वाटले.

आपल्या फिकहमध्ये हरवलेल्या माणसासाठी वेगळा शब्द आहे, मफकूद. त्याच्या बायकोने किती काळ थांबायचे? हनफी मताप्रमाणे त्याच्या वयाची माणसे संपेपर्यंत. मालिकी मताप्रमाणे चार वर्षे. भारतातल्या हनफी उलमांनी बायकांची परवड पाहून मालिकी मत स्वीकारले आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चार वर्षांची तरतूद आली. नवऱ्याचे काय झाले हे त्यांना माहीत नव्हते, तरी त्यांनी कुठली गोष्ट रचली नाही. ‘माहीत नाही’ हे मान्य करून मागे राहिलेल्यांसाठी वाट काढली. मलेशिया सरकारनेही २९ जानेवारी २०१५ ला हा अपघात होता आणि सर्व मृत मानले जातील असे जाहीर केले. पण अनेक नातेवाइकांचे मन मानले नाही. अफवांनी त्यांची आशा पुन्हा पुन्हा जागवली आणि पुन्हा पुन्हा मोडली.

जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर पंखाचा एक तुकडा सापडला, तो याच विमानाचा निघाला. समुद्रतळाचा १,२०,००० चौरस किलोमीटर भाग धुंडाळून जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबला. २०१८ मध्ये एका खासगी कंपनीने पुन्हा शोध घेतला. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीशी ‘सापडले तरच पैसे’ या अटीवर नवा करार झाला.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले. प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद झाल्याची नोंद आली आणि लोकांचे बोट पुन्हा कॅप्टनकडे वळले. तो मुंबईत राहणारा होता, मुसलमान नव्हता. नव्वदी ओलांडलेल्या त्याच्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तेव्हा आमच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिले, ‘आता नाही कुणी धर्म विचारत.’ बोच खरी होती. पण त्याखाली मी एवढेच लिहिले : तपास पूर्ण होऊ द्या, आणि त्या बापासाठी दुआ करा.

अकरा वर्षांपूर्वी मी ते केले नव्हते. झाहारी शाहच्या घरीही कुणीतरी वाट पाहत होते.