खासगी वारसा-इमारतींना सार्वजनिक अर्थसाहाय्य (मुंबई)

खासगी मालकीच्या, पण ऐतिहासिक किंवा वास्तुकलात्मक मोल असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी शासन, महापालिका किंवा वैधानिक मंडळाने दिलेले अनुदान, केलेला प्रत्यक्ष खर्च, करात दिलेली सूट किंवा बांधकाम-हक्कांच्या रूपाने दिलेला मोबदला. या नोंदीत मुख्यतः मुंबईचा विचार केला आहे. जुन्या खासगी इमारतींवर सार्वजनिक पैसा सातत्याने, कायद्याने आणि अर्धशतकाहून अधिक काळ खर्च करणारी यंत्रणा भारतात इथेच उभी राहिली. हा पैसा वारसा राखण्यासाठी नव्हे, तर माणसे दबून मरू नयेत म्हणून उभारला गेला. त्याचे बरेवाईट परिणाम मुंबईच्या इमारतींवर आजही दिसतात.

कायद्याची चौकट : केंद्राचा १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि महाराष्ट्राचा १९६०चा त्याच स्वरूपाचा कायदा हे संरक्षित म्हणून घोषित केलेल्या स्मारकांपुरते आहेत. खासगी मालकीचे स्मारक मालकाशी करार करून राखण्याची तरतूद केंद्राच्या कायद्यात आहे. मालकी त्याचीच राहते. मात्र भाडेकरूंनी भरलेली चाळ, पेढीची इमारत किंवा राहता वाडा या चौकटीत सहसा बसत नाही. पुरातत्त्व खात्याचे अंदाजपत्रक लेणी, किल्ले व मंदिरे यांच्यापुढे जात नाही, आणि शहरातल्या वारशाचा फार मोठा भाग त्याच्या बाहेर राहतो.

भाडेनियंत्रण : १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याला बांधले. युद्धकाळातील टंचाई आणि फाळणीनंतरचे लोंढे पाहता त्या वेळी हे आवश्यक होते. पण मूळ तात्पुरता असलेला कायदा वारंवार मुदतवाढ घेत राहिला. भाडे जिथल्या तिथे राहिले आणि गवंडी, सुतार, सागवान, चुना यांचे दर मात्र वाढत गेले. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून मालकांनी हात आखडला. घर सोडले तर पुन्हा मिळणार नाही, म्हणून भाडेकरू जागा सोडेनात. खोल्या पागडीवर हातोहात बदलू लागल्या आणि त्या पैशातला छदामही इमारतीच्या तुळयांपर्यंत पोहोचला नाही. १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. साठ वर्षे जुन्या आकड्यावरची ती वाढ असल्याने दुरुस्तीच्या हिशेबात तिने फारसा फरक पडला नाही.

दुरुस्ती मंडळ : साठच्या दशकात दक्षिण मुंबईत पावसाळ्यात घरे कोसळण्याचे प्रकार वाढले, तेव्हा १९६८ मध्ये नेमलेल्या बेडेकर समितीने या प्रश्नाचा विचार केला. त्यानंतर १९६९च्या कायद्याने मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. पुढे १९७६च्या कायद्याने हे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे (म्हाडा) आले. १९९२ पासून म्हाडाच्या अंतर्गत त्यासाठी वेगळे मंडळ आहे.

बेट-शहरातील जुन्या, भाड्याने दिलेल्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवण्यात आला. तो मालमत्ता करासोबत महापालिका गोळा करते. त्यात राज्य शासन, म्हाडा आणि महापालिका यांचे अंशदान मिळते आणि त्या निधीतून मंडळ दुरुस्ती करते. अशा इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. बोलताना लोक ‘सेसची बिल्डिंग’ म्हणतात. वर्ग तीन : १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’, त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या ‘ब’, आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’. सुरुवातीला एकूण १९,६४२ इमारती होत्या : ‘अ’ १६,५०२, ‘ब’ १,४८९ व ‘क’ १,६५१. म्हणजे दर सहांपैकी पाच इमारती १९४० पूर्वीच्या होत्या. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, भेंडीबाजार, माझगाव, लालबाग, परळ या भागांतील लाकडी सांगाड्याच्या चाळी, कोरीव सज्जांची घरे, कोटातील दगडी दर्शनी भागाच्या पेढ्या या सगळ्या त्यात येतात. कोणी तसे ठरवले नव्हते, पण खासगी वारशाच्या दुरुस्तीसाठीची शहरातली सर्वांत मोठी सार्वजनिक थैली हीच झाली.

प्रत्यक्ष दुरुस्ती : मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. अशा घरांतील रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवले जाते, आणि काही कुटुंबांच्या दोन पिढ्या तिथेच गेल्या आहेत. उरलेल्या इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती होते. चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा असते. ती वेळोवेळी वाढवली गेली. दुरुस्ती त्या मर्यादेबाहेर जात असेल, तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवून पुनर्रचनेकडे वळवता येते. मर्यादेचा हा आकडा काढताना सामान्य बांधकामाचा दर धरला जातो. कोरीव कठड्याचा, बिडाच्या खांबाचा किंवा चुन्याच्या कामाचा दर त्यात नसतो.

लाकडी चाळीत पहिली जाते ती मागची बाजू, कारण सामायिक संडास आणि मोऱ्या तिकडे असतात. तिथे भिंत बारमाही ओली राहते, आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोके आतल्या आत कुजतात किंवा वाळवी धरतात. तुळईचा उरलेला भाग बहुधा ठणठणीत असतो. जुना सुतार कुजके टोक कापून तिथे सागाचा नवा तुकडा सांधून देई. मंडळाच्या कामात पूर्ण तुळई काढून तिथे लोखंडी गर्डर येतो. त्यावर कडीपाटाच्या जागी लादीकोबा घालतात. लादीकोबा टिकाऊ असला तरी जड असतो, आणि ते ओझे खालच्या जुन्या लाकडी खांबांवर येते. लाकडी जिना व सज्जा जाऊन काँक्रीटचे येतात. चुन्यात बांधलेल्या विटांवर सिमेंटचा गिलावा चढला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही. काही पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि पुन्हा दुरुस्तीचा प्रस्ताव तयार होतो. कंत्राटदाराला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. निविदेच्या दरपत्रकातच सागाचा सांधा आणि चुन्याचा गिलावा हवा. मंडळाने हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर टिकवले, ही मोठी कामगिरी आहे. पण त्याच पैशात घराचे रूपही टिकले असते. त्यासाठी लागणारे सुतार-गवंडी तेव्हा शहरात होते.

वारसा नियमावली, १९९५ : बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आला आणि शहराची वारसा-यादी कायदेशीर झाली. असे नियम करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर. इमारतींच्या श्रेणी I, II-अ, II-ब व III अशा आहेत. बदलांबाबत सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती आहे.

मालकासाठी यात तीन गोष्टी होत्या. वारसा-नियमांमुळे जेवढे बांधकाम करता येत नाही, तेवढ्याचे हक्क अन्यत्र वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, म्हणजे वारसा टीडीआर. इमारत नीट राखल्यास निवासी क्षेत्रातही तिच्या काही भागाचा व्यापारी वापर. आणि दुरुस्तीला आर्थिक मदत व्हावी म्हणून महापालिका आयुक्तांच्या हाती स्वतंत्र निधी निर्माण करता येण्याची तरतूद. त्यातून वारसा समितीशी विचारविनिमय करून पैसे द्यायचे, आणि त्यासाठी जिल्हा नियोजनाच्या अंदाजपत्रकात सोय करता येईल, असे नियमात म्हटले आहे. उपकरप्राप्त वारसा-इमारतींची दुरुस्ती म्हाडा किंवा रहिवाशांची सहकारी संस्था करू शकेल, हेही त्यातच आहे. नियमातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य या निधीचे होते. दुरुस्ती मंडळाच्या मर्यादित दराच्या वर लागणारी रक्कम, म्हणजे कोरीव कठडा, मंगलोरी कौले, रंगीत काचा यांचा जादा खर्च, याच निधीतून यायला हवा होता. असा भरीव व नियमित निधी शहराला लाभला नाही.

टीडीआरने मालकाचे नुकसान भरून निघते. इमारत दुरुस्त होईलच असे नाही. शिवाय जी इमारत तिला मिळू शकणारे बांधकाम आधीच पूर्ण वापरून बसली आहे, तिच्या मालकाला विकायला हक्क उरतच नाहीत. दाटीवाटीच्या गिरगाव-काळबादेवीत बहुतेक घरे अशीच आहेत.

याउलट विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधल्यास वाढीव चटईक्षेत्र आणि विक्रीयोग्य सदनिका मिळतात, आणि भाडेकरूला मालकीचे घर मिळते. ‘विकास नियमावली २०३४’नुसार निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट. दहा बाय दहाच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाने यासाठी हो म्हटले, तर त्याला बोल लावता येत नाही. पाडणाऱ्याला चटईक्षेत्राच्या रूपाने भरघोस साहाय्य आणि राखणाऱ्याला जवळपास काहीच नाही, ही विषमता धोरणाची आहे.

एस्प्लनेड मॅन्शन : काळा घोडा येथील पूर्वीचे वॉटसन हॉटेल; खासगी मालकीची, उपकरप्राप्त आणि श्रेणी II-अची इमारत. भाडेनियंत्रण, दुरुस्ती मंडळ व वारसा नियमावली या तीनही यंत्रणा एकाच इमारतीवर कशा येतात याचे हे सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण असल्याने ते येथे सविस्तर दिले आहे. जॉन हडसन वॉटसन यांनी १८६०च्या दशकात हे हॉटेल बांधायला घेतले. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आराखडा केला. बिडाचे खांब व तुळया इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून येथे जोडल्या. सांगाडा लोखंडाचा आणि भिंती केवळ भरावाच्या, अशा बहुमजली इमारतींमधील जगातील जुन्या उदाहरणांत तिची गणना होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ येथे झाला. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन आधार मिळत नाही.

हॉटेल बंद झाल्यावर खोल्यांच्या आणखी खोल्या झाल्या. दिवाणी न्यायालय समोरच असल्याने वकिलांची कार्यालये आली. मोकळ्या सज्जांवर भिंती उठल्या. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६च्या धोक्यातील शंभर स्थळांच्या यादीत तिचा समावेश केला. जुलै २००५ मध्ये सज्जांचा भाग कोसळून एक जण दगावला. २०१९ मध्ये न्यायालयीन आदेशानंतर इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली. वारसा समितीच्या वतीने पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी ती दुरुस्त होऊ शकते असे मत दिले. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाला दुसरे मत ग्राह्य वाटते. बिडाचा सांगाडा भागाभागाने जोडलेला असतो. त्यातला निकामी भाग बदलता येतो, आणि नंतर चढवलेल्या भिंती व मधले माळे उतरवले की त्याच्यावरचा भार कमी होतो. मात्र हे काम मंडळाच्या चौरस मीटरच्या दरात होणारे नाही आणि नाममात्र भाड्याच्या उत्पन्नातून तर नाहीच.

मालकी हक्काचा वाद : १९८६च्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण आले. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास उपकरप्राप्त मालमत्ता संपादून त्यांच्या सहकारी संस्थेला देता येते. मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. मालकांच्या संघटनेने याला आव्हान दिले. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय दिला : प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) अनुच्छेदातील समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.

खासगी खर्चाने झालेली कामे : गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस मालक कुटुंबाने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ववत केले, २०१६ मध्ये ते पुन्हा खुले झाले आणि २०१७ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. काळा घोड्यावरील केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचे काम देणग्यांतून झाले. २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूहातील ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारती बहुतांशी खासगी आहेत. त्यांची देखभाल रहिवासीच करतात.

पुणे : भिडेवाडा, जिथे १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर महापालिकेच्या ताब्यात आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. सार्वजनिक पैसा दुरुस्तीऐवजी संपादनावर व नव्या बांधकामावर जातो, याचे हे उदाहरण.

गोवा : चांदोरचे मिनेझिस ब्रागांझा घर घराण्याकडेच आहे, देखभालीला पाहुण्यांच्या देणग्यांचा हातभार लागतो.

अन्यत्र : पुदुच्चेरीच्या वैश्याळ रस्त्यावर युरोपीय संघाच्या एशिया अर्ब्स कार्यक्रमातून (२००२–०४) इंटॅक या वारसा-संवर्धन संस्थेने घरमालकांबरोबर निम्मा-निम्मा खर्च वाटून तमिळ घरांचे दर्शनी भाग पूर्ववत केले. छोट्या रकमेत मालकालाही कामात गुंतवणारी ही पद्धत महाराष्ट्रातील वाड्यांच्या गावांना सर्वांत सोयीची आहे. ब्रिटनमध्ये गॉवर्स समितीच्या १९५०च्या अहवालानंतर १९५३च्या कायद्याने खासगी घरांना अनुदान सुरू झाले. त्यासोबत लोकांना घर पाहू देण्याची अट येऊ लागली. फ्रान्समध्ये १९१३च्या कायद्यापासून शासन खर्चाचा वाटा उचलते. २०१८ पासून वारशासाठी स्वतंत्र सोडतही आहे. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वसन-खर्चाच्या २० टक्के इतकी केंद्रीय करात वजावट मिळते. मालकाच्या राहत्या घराला ती लागू नाही.

नव्या उपायांपैकी दोन तातडीचे आहेत : दुरुस्ती मंडळाच्या दरपत्रकात चुना, साग व बीड यांच्या कामाचे दर घालणे, आणि १९९५च्या नियमातला निधी दरवर्षीच्या तरतुदीसह उभा करणे. दोहोंसाठी नवा कायदा लागत नाही.