नावावरचे कर्ज : नांदेड-लातूरमध्ये घराची पत ते माणसाची पत

मराठवाड्यात कर्जाची पत शतकानुशतके घराची होती, एकेका माणसाची नव्हती. त्यामुळे मुलाने बापाच्या नावावर किंवा भावाने भावाच्या नावावर परस्पर पैसे उचलण्याचा प्रकार जुना असला, तरी त्याला फसवणूक म्हणण्याची रीत अलीकडची आहे. नांदेड आणि लातूर या दोन बाजारपेठांच्या मुलखात हा बदल कसा घडला, हे पाहायचे तर सावकाराच्या खातेवहीपासून सुरुवात करावी लागते.

१९ व्या शतकात हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. नांदेडच्या बाजूला मारवाडी आणि कोमटी, लातूरच्या बाजूला लिंगायत वाणी आणि मारवाडी अशा पेढ्यांकडून शेतकऱ्याला बियाणे, चारा आणि लग्नकार्याचा पैसा मिळे. धान्याचे कर्ज सवाई-दिढीने फिटायचे, म्हणजे सुगीला मणामागे सव्वा किंवा दीड मण परत करायचा. यांच्याखेरीज अरब आणि रोहिले यांचीही सावकारी होती. त्यांच्या वसुलीची धास्ती मोठी, कारण पेढीवाला निदान वही दाखवत असे, रोहिला थेट दारात येऊन बसे.

खातेवहीत नाव असे ते घरातल्या वडीलधाऱ्याचे. त्या नावाखाली धाकट्या भावाने नेलेले बियाणे, पुतण्याच्या लग्नाचा खर्च आणि मुलाने बाजारात केलेली उधारी असे सगळेच जमा होत जाई. दिवाळीला नवी वही उघडली की ‘मागील बाकी’ पहिल्या पानावर पुढे येई आणि त्या बाकीतले कोणी किती उचलले याचा तपशील जुन्या वहीतच राही. कर्जरोख्यावर सही करता येणारे थोडे होते. कुणबी ‘निशाणी नांगर’ करी, बाईच्या नावापुढे बांगडीची निशाणी येई. रोखा लिहिणारा वेगळा आणि साक्षीदार त्याच गावचे असत. नांगराची निशाणी बापाची की मुलाची, हे कागद सांगू शकत नसे. ते साक्षीदारांनी सांगायचे, आणि साक्षीदारांना गावातच राहायचे असे.

त्यात भाषेची आणि चलनाची गुंतागुंत होती. हैदराबाद राज्यात १८८४ पासून कोर्टाची भाषा उर्दू झाली होती, गावचे कागद मोडीत होते आणि पेढीची वही बहुधा मारवाडी लिपीत. रुपयेही दोन प्रकारचे चालत. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार. १०० कलदारांसाठी साधारण ११६ हाली मोजावे लागत. रोख्यावर नुसते ‘शंभर रुपये’ लिहिले असेल तर ते कोणते रुपये, यावरही भांडण उभे राही. अशा कागदावर कोणाच्या नावावर कोणी कर्ज घेतले हे शोधणे जवळजवळ अशक्य होते, आणि खरे तर त्याची फारशी गरजही कोणाला वाटत नव्हती.

ती न वाटण्याचे कारण कायद्यात होते. मिताक्षरा परंपरेच्या हिंदू कायद्यानुसार बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानले जाई. सावकार मुलाच्या सामाईक मालमत्तेतील हिश्शावर वसुली लावू शके. अपवाद होता तो ‘अव्यावहारिक’ कर्जाचा, म्हणजे जुगार, दारू, बाहेरख्यालीपणा यांसाठी काढलेल्या पैशाचा. त्याचप्रमाणे एकत्र कुटुंबाचा कर्ता घराच्या गरजेसाठी काढील ते कर्ज सर्वांवर बंधनकारक होई. त्यामुळे कोर्टासमोर प्रश्न येई तो पैसा कशासाठी घेतला हा. कोणाच्या नावाने आणि कोणाच्या अंगठ्याने घेतला हा प्रश्न दुय्यम राही. नांदेडमध्ये मोठ्या संख्येने असलेल्या मुस्लिम कुटुंबांना हा नियम लागू नव्हता. तिथे वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या वारशापुरतीच राहते आणि एकत्र कुटुंबाचे गृहीतही नाही. एकाच पेढीच्या दोन गिऱ्हाइकांचे कायदे असे वेगळे होते, तरी वही लिहिणारा सावकार दोघांचीही खाती घराच्याच नावाने ठेवायला मोकळा होता.

शेजारच्या इंग्रजी मुलखात १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची सक्ती होती. रोख्याखालचा माणूस तोच आहे याची सरकारी खात्री करण्याचा हा या प्रदेशाजवळचा पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागेल. मात्र निजामाच्या हद्दीत तो लागू नव्हता. हैदराबादचा सावकारी कायदा आला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास. त्याने सावकारीला परवाना आणि हिशेबाची शिस्त लावू पाहिली. प्रत्यक्षात सावकारीची पकड ढिली झाली नाही. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ साठी देशभराचे जे आकडे दिले, त्यांत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता आणि सावकारांचा जवळपास ७० टक्के.

लातूरची गोष्ट बाजाराने वेगळी वळवली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि हे गाव धान्य-कडधान्याची मोठी पेठ बनले. इथल्या शेतकऱ्याला पैसा मिळे तो आडतीवर. माल आणायचा त्या आडतदाराकडून हंगामाआधी ‘उचल’ घ्यायची आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होताना ती वळती करायची. उचलीला कागद नसे. ओळख पुरे. मुलगा आडतीवर गेला आणि ‘आबांनी सांगितलंय’ म्हणाला की पैसे मिळत. पट्टीच्या वेळी आबांना ती रक्कम पहिल्यांदा कळे, आणि बाजारात पत राखायची म्हणून ते मान डोलावत. आजच्या अर्थाने पाहिले तर ही सरळसरळ दुसऱ्याच्या नावाची फसवणूक. पण आबा तक्रार करणार कोणाकडे? आडतदाराने त्यांच्याच घराला पैसे दिले होते.

घरातून हात वर करण्याचा एक मार्ग होता, तो म्हणजे जाहीरपणे नाते तोडणे. पूर्वी गावात दवंडी दिली जाई, पुढे वर्तमानपत्रात जाहीर प्रगटन येऊ लागले. नांदेडच्या ‘प्रजावाणी’, लातूरच्या ‘एकमत’ यांसारख्या स्थानिक दैनिकांचे वाचक या मजकुराला सरावलेले आहेत: अमुक मुलगा आमच्या सांगण्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये, केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही. कायद्याने अशा प्रगटनाला फारसे बळ नाही, सामाईक मालमत्तेवरचा हक्क तर त्याने मुळीच जात नाही. बाजारात मात्र त्याचा उपयोग होई, कारण आडतदारही तेच वर्तमानपत्र वाचे.

हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये वेगळा झाला. या काळात कर्जाचा मुख्य कागद सावकाराच्या वहीतून निघून जमिनीच्या नोंदीत गेला. जुन्या पाहणी पत्रकावर आणि नंतरच्या सातबाऱ्यावर खातेदार म्हणून बरेचदा थोरल्या भावाचेच नाव राहिले. वाटणी तोंडी झाली तरी खाते सामाईकच. गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीचे पीककर्ज या सामाईक खात्यावर घ्यायचे तर सहखातेदारांचे संमतीपत्र लागे, आणि घरातल्या घरात होणाऱ्या फसवणुकीची जागा नेमकी तिथे तयार झाली. पुण्या-मुंबईला गेलेल्या भावाची सही गावातल्या भावाने करून टाकायची, विधवा वहिनीचा अंगठा ‘पगारीच्या कागदावर’ म्हणून घ्यायचा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढला की वर्षानुवर्षे तो कोणाच्या लक्षातही येत नसे. लक्षात यायचा तो जमीन विकायला काढल्यावर, किंवा सोसायटीने सगळ्या सहखातेदारांना नोटिसा काढल्यावर.

नोंदणी कार्यालयात तोतयेगिरीला १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ८२ नुसार ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २००१ मध्ये खरेदीखतासारख्या दस्तांवर दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे लावण्याची तरतूद आली. सोसायटीच्या संमतीपत्राला यातले काहीच लागू नव्हते. तिथे गटसचिवाची ओळख हाच पुरावा.

बँकांनीही सुरुवातीला घराचाच हिशेब धरला. हैदराबाद स्टेट बँक १९४१ मध्ये स्थापन झाली, पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन होईपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतली नेहमीची बँक राहिली. १९७६ मध्ये नांदेड येथे मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक निघाली. शाखा व्यवस्थापकाला घराणे माहीत असे. बेबाकी प्रमाणपत्र मागताना एका भावाची थकबाकी दुसऱ्याच्या आड येई. त्याबद्दल शेतकरी कुरकुर करत, पण या पद्धतीत एक सोय होती. ‘हे कर्ज मी काढलेलेच नाही’ असे सांगणाऱ्याला समोर एक माणूस भेटे, आणि त्या माणसाला दोन्ही भाऊ ठाऊक असत.

२००५ या एका वर्षात दोन कायद्यांनी ही चौकट मोडली. जूनमध्ये पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा मंजूर झाला. तो डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला आणि प्रत्येक कर्जदाराची नोंद त्याच्या व्यक्तिगत नावावर ठेवण्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. ९ सप्टेंबरला हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायदा लागू झाला. मुलींना सहदायादाचा हक्क देणारा म्हणून तो ओळखला जातो. त्याच्याच कलम ६(४) ने, त्या तारखेनंतरच्या कर्जासाठी केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून मुलाकडून वसुली करण्याचा मार्ग बंद केला. त्या दोन कायद्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी त्यांनी मिळून एकच गोष्ट केली : कर्ज घरापासून सोडवून माणसाला बांधले.

पहिली पतमाहिती कंपनी सिबिल २००० मध्येच निघाली होती. आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलीत मात्र चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतात. ३०० ते ९०० मधला एक आकडा माणसाची पत ठरवतो. नांदेडच्या शेतकऱ्यापासून लातूरच्या शिक्षकापर्यंत सर्वांची तक्रार एकाच वाक्यात येते : सिबिल खराब झालंय.

ओळखीची जुनी खूण नांगर होती, नंतर अंगठा, आता मोबाईलवर येणारा ओटीपी. खेड्यातल्या घरात बरेचदा एकच मोबाईल नंबर आई, वडील आणि आजी यांच्या खात्यांना जोडलेला असतो, आणि तो फोन मुलाच्या खिशात असतो. आधार आणि पॅन कार्डाच्या झेरॉक्स घरच्याच कपाटात. अशा घरात आईच्या नावावर हप्त्याने टीव्ही घेणे किंवा ॲपवरून कर्ज काढणे काही मिनिटांचे काम आहे. हप्ते थकले की नोंद आईच्या नावावर. जुन्या वहीत ही बाकी घराच्या खात्यात मिसळून गेली असती. इथे ती एका स्त्रीने आयुष्यभर राखलेली पत बिघडवते.

दुरुस्तीची वाट ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण पतअहवाल मोफत मिळतो. चारही मागवणे शहाणपणाचे, कारण एका अहवालातले कर्ज दुसऱ्यात नसू शकते. न काढलेले कर्ज दिसल्यास कंपनीकडे हरकत नोंदवायची. कंपनी स्वतः नोंद बदलत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेकडून खातरजमा करून घेते. त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. एप्रिल २०२४ पासून विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तिथेही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

गाडी अडते ती यापुढे. ‘हे कर्ज माझे नाही’ एवढे म्हणणे कर्ज देणाऱ्याला पुरत नाही. तो पोलीस तक्रारीची प्रत मागतो. तक्रारीत नाव घालायचे ते पोटच्या मुलाचे किंवा सख्ख्या भावाचे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा असून त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तोतयेगिरीने फसवणूक आणि बनावट दस्त यांची कलमे जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहेत. फसवणुकीचा खटला कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो, बनावट दस्ताचा तसा मिटत नाही. मग घरात समेट झाल्यावरही उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. बहुतेक घरे इतके पुढे जात नाहीत. आई गुपचूप हप्ते भरते आणि नोंदीत ती उशिरा का होईना फेडणारी कर्जदार म्हणून राहते. ओटीपी आपणच मुलाला सांगितला असेल तर तिची बाजू आणखी लंगडी होते, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत गुप्त तपशील स्वतः दुसऱ्याला देणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो.

घर हिशेबातून पूर्ण गेले असेही नाही. लातूर शिकवण्यांचे शहर असल्याने इथे शैक्षणिक कर्जाची गरज मोठी, आणि त्यात आई-वडील सहकर्जदार असतात. भावाच्या करामतीने वडिलांची पत बिघडली असेल तर त्याची झळ बहिणीच्या प्रवेशाला बसते. एप्रिल २०२२ पासूनच्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांत ३ लाख रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा कुटुंबाची धरली आहे, व्यक्तीची नाही. राज्याच्या २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती, २०१९ च्या योजनेत २ लाखांची मर्यादा प्रत्येक शेतकऱ्याला झाली.

शेतजमिनीवरच्या खोट्या कर्जाची दुरुस्ती आजही दोन वेगळ्या ठिकाणी करावी लागते. पतअहवालातली नोंद निघाली म्हणून सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही. त्यासाठी बँकेचे किंवा सोसायटीचे पत्र घेऊन तलाठ्याकडे फेरफार घालावा लागतो. मंडळ अधिकाऱ्याने तो नामंजूर केला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. उलट बोजा उतरला तरी पतअहवाल आपोआप बदलत नाही.